नाताळची गाणी कुणाच्या गळ्यासाठी?

काही वर्षांपूर्वीची नाताळच्या सकाळची उपासना मला अजून आठवते. पेटीवर मी होते. आमच्या गायकवृंदानं महिनाभर मेहनत घेऊन बसवलेलं गाणं सुरू झालं, ‘ओ होली नाइट’चं मराठी रूप. पहिलं कडवं छान झालं. मग चाल वर चढू लागली आणि मंडळी एकेक करून गप्प झाली. हातात पुस्तकं उघडी, बोट ओळीवर आणि ओठ मिटलेले. शेवटच्या उंच स्वराला सबंध चर्चमध्ये चारच गळे उरले होते. उपासना संपल्यावर दाराशी एक आजी माझा हात धरून म्हणाल्या, “बाई, छान म्हटलंत हो. पण आम्ही कधी म्हणायचं?”

तोवर मी आवडेल ते गाणं आधी निवडायची आणि ते कोण गाणार हे मागाहून बघायची. त्या सकाळनंतर क्रम उलटा केला. कोण गाणार, कुठे गाणार आणि कोणत्या दिवशी गाणार, हे आधी कागदावर येतं. गाण्याचं नाव त्यानंतर. ज्यांच्याकडे यंदा चर्चची, शाळेची, तरुण संघाची किंवा महिला मंडळाची गाणी बसवायचं काम आलं आहे, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

दिवाळी आटोपली की एक कोरा कागद घ्या आणि त्यावर फक्त प्रसंग लिहा. आगमनकाळाचे चार रविवार, शाळेतला मुलांचा कार्यक्रम, कॅरलची फेरी, एखाद्या दवाखान्यातली किंवा वृद्धाश्रमातली भेट, २४ तारखेची रात्र, २५ची सकाळ, ३१ची रात्र, नव्या वर्षाचा पहिला दिवस. प्रत्येकासमोर लिहा की तोंड उघडणार आहे कोण. २५च्या सकाळी गाणारी माणसं म्हणजे एरवी वर्षभर न दिसणारे मुंबई-पुण्याहून आलेले पाहुणे, कडेवर लेकरं घेतलेल्या सुना, कानानं अधू झालेले आजोबा. त्यांना गाणं शिकवायला तुमच्याकडे वेळ नाही. त्यांना येतं तेच त्या सकाळी घ्यायचं. नवं गाणं शिकवायचं असेल तर ते आगमनकाळात, दर रविवारी एकेक कडवं करून.

आता पट्टीबद्दल, कारण निम्मी गाणी इथेच पडतात. ‘सायलेंट नाइट’ सगळ्यांना सोपं वाटतं. चाल ओळखीची, लय संथ, शब्द पाठ. पण त्याचे स्वर मोजून बघा. मधल्या ‘सा’पासून तार सप्तकातल्या ‘म’पर्यंत ते जातं, म्हणजे अकरा स्वरांचा पल्ला. आपल्याकडच्या बहुतेक भजनांना एवढा पल्ला लागत नाही. आणि सर्वांत उंच स्वर येतो शेवटून दुसऱ्या ओळीत, जिथे शब्द शांतीचे आहेत आणि आवाज अलगद लागायला हवा. पेटीवाल्यानं सोयीसाठी पांढरी एक धरली की तो स्वर पांढरी चारवर जातो. मग शांत रात्रीच्या गाण्यात मंडळीचं ओरडणं ऐकू येतं. छापील पुस्तकांत ते सहसा काळी पाचमध्ये असतं. मी आणखी एक पायरी खाली येते आणि खालच्या सप्तकातली पांढरी सहा ‘सा’ धरते. तेव्हा सर्वांत वरचा स्वर पांढरी दोनवर राहतो, आणि तिथवर पुरुष-बायका दोघंही न ताणता पोचतात.

या गाण्याचा जन्म लक्षात ठेवला तर आणखी एक वाट सापडते. १८१८ सालच्या २४ डिसेंबरला ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावी ते पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द योसेफ मोर या तरुण धर्मगुरूचे, चाल शाळामास्तर फ्रान्झ ग्रुबर यांची. साथीला गिटार. दोघांनी कडवं म्हणायचं आणि वृंदानं शेवटच्या दोन ओळी पुन्हा म्हणायच्या, अशी ती रचना होती. आपल्याला हे तसंच्या तसं करता येतं. दोन चांगले गळे कडवं गातील, मंडळी शेवटच्या दोन ओळी उचलेल. भजनात बुवा पुढे आणि टाळकरी मागे, ही सवय आपल्या हाडीमाशी आहेच. ठेका दादऱ्याचा, पण तबला न लावता बोटांनी हलकेच धरलेला. शेवटच्या कडव्याला पेटीही थांबवा आणि नुसते माणसांचे आवाज राहू द्या.

‘जॉय टू द वर्ल्ड’चं गणित वेगळं. पल्ला बरोब्बर एका सप्तकाचा, म्हणून तो सर्वांना झेपतो. पण गाणं सुरूच होतं तार ‘सा’वर आणि एकेक पायरी उतरत खालच्या ‘सा’वर येतं, जणू बिलावलचा सरळ अवरोह. पहिलाच स्वर डोक्यावरून उचलायचा असल्यानं लोक चाचपडतात, कुणी खाली धरतो, कुणी मध्येच. उपाय सोपा आहे. पांढरी दोन धरा, पेटीवर खालच्या ‘सा’पासून वरच्या ‘सा’पर्यंत एकदा चढा, वरचा स्वर दोन मात्रा धरून ठेवा, मग हात वर करून इशारा द्या. संडे स्कूलच्या मुलांना तर मी शब्दांच्या आधी सां नि ध प म ग रे सा असंच शिकवते. दहा मिनिटांत पहिली ओळ गळ्यात बसते, आणि उरलेल्या ओळी मुलं गंमत म्हणून स्वतःच शिकतात. मुलांसाठी पट्टी फार खाली ठेवू नका. मोठ्यांच्या सोयीची खालची पट्टी मुलांना दिली की ती गात नाहीत, ओरडतात.

या गाण्याबद्दल आणखी एक गोष्ट निवडीच्या वेळी कामाला येते. आयझॅक वॉट्स यांनी १७१९ साली ते प्रसिद्ध केलं ते ९८व्या स्तोत्राच्या आधारानं. त्यात गव्हाणी नाही, मेंढपाळ नाहीत, मरिया-योसेफ नाहीत. राजा येतो आहे आणि पृथ्वीनं त्याचं स्वागत करावं, एवढंच आहे. म्हणून ते आगमनकाळातही शोभतं, २५ला मिरवणुकीनं आत येतानाही, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेतही. मात्र २४च्या मध्यरात्री, गव्हाणीपुढे दिवे मंद केलेले असताना, ते घेऊ नका. तिथे ते फार मोठ्यानं बोलतं.

दिवसांचा विचार मी आग्रहानं करते. आगमनकाळाचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरच्या आसपास येतो. तिथून २४ डिसेंबरपर्यंतचा काळ वाट पाहण्याचा. नाताळ २५ला सुरू होतो आणि ६ जानेवारीला प्रकटीकरणाच्या सणाशी पोचतो. प्रत्यक्षात आपल्याकडे काय होतं? शाळांना सुट्ट्या लागायच्या आत कार्यक्रम उरकायचे असतात, म्हणून १० डिसेंबरलाच बाळ जन्मलेलं असतं. २५ तारीख उजाडते तेव्हा सगळी गाणी तीन-तीनदा म्हणून झालेली असतात आणि २६ला पेटी झाकून ठेवली जाते. शाळेचं आणि फेरीचं वेळापत्रक बदलणं आपल्या हातात नाही. पण चर्चमधल्या चार रविवारांपुरता तरी हात आवरता येतो. वाट पाहण्याची गाणी आहेत, आणि ती फार सुंदर आहेत.

‘ओ कम, ओ कम, इम्मानुएल’ घ्या. त्याचं मूळ लॅटिनमध्ये, १७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी म्हटल्या जाणाऱ्या सात हाकांत आहे. रोज एक हाक, रोज येणाऱ्याचं एक नवं नाव. जॉन मेसन नील यांनी ते १८५१ साली इंग्रजीत लोकांपुढे आणलं. चाल कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषादाची, आसावरीच्या अंगाची. मराठी कानाला ती पहिल्याच ऐकण्यात आपलीशी वाटते, हा माझा अनुभव आहे. चारही रविवारी एकेक कडवं वाढवत न्या. चौथ्या रविवारी पूर्ण गाणं होईल, आणि तोवर मंडळीला ते पाठ झालेलं असेल.

लूकच्या पहिल्या अध्यायात तर दोन गीतं तयारच आहेत, मरियेचं आणि जखऱ्याचं. मरियेच्या गीतात बलवानांना आसनावरून खाली ओढण्याची आणि भुकेलेल्यांना तृप्त करण्याची भाषा आहे. आमच्या महिला मंडळाच्या बायकांनी ते अभंगाच्या चालीवर बसवलं तेव्हा पहिल्या तालमीतच त्यांचे आवाज मोकळे झाले. नाताळच्या गाण्यांत बाईच्या तोंडचं बोलणं क्वचितच सापडतं, म्हणून ते बायकांनीच पुढे उभं राहून म्हणावं असं मला वाटतं.

अनुवादित गाण्यांची निवड जरा जपून करावी लागते. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण शब्द गोड आणि चाल गोड असूनही गाणं का अडतं हे पुष्कळांना कळत नाही, आणि दोष गाणाऱ्यांना लागतो.

इंग्रजी वाक्य पुष्कळदा एखाद्या बारीक, बिनजोराच्या शब्दानं सुरू होतं. त्यामुळे त्यांच्या कितीतरी चाली समेच्या आधीच उचल घेतात. बारीक शब्द आधी, जोराचा शब्द समेवर. ‘द फर्स्ट नोएल’, ‘अवे इन अ मेंजर’, ‘ओ लिटल टाउन ऑफ बेथलेहेम’, ‘ओ कम ऑल यी फेथफुल’, ही सगळी अशी. मराठीत तसला बारीक शब्दच नाही. आपलं वाक्य ‘देवदूत’, ‘मेंढपाळ’, ‘रात्र’ अशा भरल्या शब्दानं उघडतं. मग अनुवादक उचलीच्या जागी ‘हो’, ‘ही’, ‘तो’, ‘अहा’ असे भरीचे शब्द घालतो, नाहीतर मुख्य शब्दाचं पहिलं अक्षर समेच्या बाहेर सांडतं. ‘सायलेंट नाइट’, ‘जॉय टू द वर्ल्ड’, ‘हार्क द हेरल्ड’ या चाली थेट समेवर सुरू होतात. त्यांचे मराठी अनुवाद अधिक सहज गायले जातात याचं मोठं कारण हेच आहे असं मला पेटीवर बसून बसून कळलं.

दुसरी अडचण लांब स्वरांची. चाल एखाद्या अक्षरावर चार मात्रा थांबते, आणि मराठीत नेमकं तिथे शब्दाचं शेवटचं अकारान्त अक्षर आलेलं असतं. ‘देव’ हा शब्द घ्या. बोलताना ‘व’ अर्धवट उच्चारून आपण पुढे जातो. तो ‘व’ चार मात्रा ताणला की ‘देवा’ होतो. जो कर्ता होता त्याची हाक झाली. वाक्याचा अर्थच फिरला. ‘आज’चं ‘आजा’ होतं, ‘बाळ’चं ‘बाळा’. ‘बाळा’ निदान पाळण्यात खपून जाईल, ‘आजा’ खपत नाही.

म्हणून अनुवाद निवडण्याआधी एक परीक्षा घ्या. पेटी बंद ठेवा. टाळी वाजवत, चालीच्या लयीत, शब्द नुसते बोला. जिथे जीभ अडखळते किंवा शब्द भलतीकडे तुटतो तिथे पेन्सिलीनं खूण करा. एका कडव्यात दोन खुणा झाल्या तर कडवं गाळा. पाच खुणा झाल्या तर गाणंच बाजूला ठेवा, मग ते कितीही प्रसिद्ध असो. कडवी गाळायला घाबरू नका. पण गोष्टीचा दुवा तुटत नाही ना, एवढं बघा. मेंढपाळ निघाले आणि पोचलेच नाहीत, असं व्हायला नको.

बर्फाचीही गोष्ट इथेच सांगते. इंग्लंड-अमेरिकेत लिहिलेल्या गाण्यांत बर्फ पडतो, कारण तिथे तो डिसेंबरात दाराबाहेर असतो. ‘इन द ब्लीक मिडविंटर’ ही क्रिस्टिना रोसेटी यांची कविता गुस्ताव होल्स्ट यांच्या चालीत ऐकताना माझ्याही अंगावर काटा येतो, आणि इंग्रजी उपासनेत ती जरूर गावी. तिचा मराठी अनुवाद करून खेड्यातल्या मंडळीला बर्फाचं कडवं म्हणायला लावण्यात मात्र काही हशील नाही. आपल्या नगर, पुणे, सातारा भागात याच दिवसांत धनगरांचे वाडे रानात उतरलेले असतात. शेतकरी खतासाठी आपल्या शेतात मेंढरं बसवतो, वाघरीत कळप असतो, शेकोटी असते, कुत्री असतात, एक माणूस घोंगडी पांघरून जागा असतो. लूकच्या दुसऱ्या अध्यायात रात्री रानात राहून कळप राखणारे मेंढपाळ आहेत, ते आपल्या मुलांनी बसच्या खिडकीतून पाहिलेले आहेत. मेंढपाळांचं गाणं निवडताना हे डोळ्यांसमोर आणा. ढोलाच्या किंवा ढोलकीच्या अंगानं जाणारं, एका गळ्यानं सांगावं आणि बाकीच्यांनी झेलावं असं अस्सल मराठी गाणं मिळालं तर त्याला पहिला मान द्या.

आणि तशी गाणी आपल्याकडे आहेत. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि १९१९पर्यंतच्या उरलेल्या आयुष्यात मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग, भजन आणि कीर्तन यांची वाट मोकळी करून दिली. ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतपुस्तक उघडून बघा. पाश्चात्त्य चालींचे अनुवाद आणि देशी चालींची पदं त्यात शेजारी शेजारी नांदतात. त्यातली नाताळची पदं आपण वर्षानुवर्षं तीच ती चार घेतो. या वर्षी एका संध्याकाळी दोन-तीन जाणत्या माणसांना घेऊन बसा आणि तो सगळा विभाग पहिल्यापासून शेवटपर्यंत गुणगुणून काढा. ज्या चाली कुणालाच येत नाहीत त्या गावातल्या सर्वांत वृद्ध गाणाऱ्याला विचारा आणि फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखं नाही.

पाळणा हा प्रकार तर नाताळसाठीच घडवल्यासारखा आहे. ख्रिस्तजन्माचे पाळणे आपल्या बायका म्हणत आल्या आहेत. माझी एक सूचना आहे. पाळणा आपण बारशाला म्हणतो, म्हणजे नाव ठेवण्याच्या दिवशी. लूकच्या दुसऱ्या अध्यायाच्या २१व्या वचनात सांगितलं आहे की आठव्या दिवशी बाळाचं नाव येशू ठेवलं. नाताळपासून मोजलं तर आठवा दिवस १ जानेवारीचा. नव्या वर्षाच्या सकाळच्या उपासनेत, जेव्हा काय गावं असा प्रश्न दरवर्षी पडतो, तेव्हा बायकांनी पाळणा म्हणावा. दोन वर्षं आमच्याकडे हे केलं. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

कथनासाठी फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’कडे वळा. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटानं लिहिलेलं आणि १६१६ साली छापलेलं हे पुराण ओवीबद्ध आहे, आणि ख्रिस्तजन्माचा भाग त्याच्या दुसऱ्या पुराणात आहे. भाषा जुनी आहे, म्हणून ते मंडळीनं गायचं नाही. पोथी लावणारा एखादा सुरेल माणूस शोधा आणि दोन गाण्यांच्या मध्ये आठ-दहा ओव्या त्याच्याकडून ऐका. वसईच्या मंडळींनी आपल्या सामवेदी किंवा वाडवळी बोलीतलं एखादं गाणं जोडीला घ्यावं. घरात जी भाषा बोलतो ती नाताळच्या रात्री वेदीसमोर उमटली की म्हाताऱ्या माणसांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

गाणी कोणत्या क्रमानं लावावीत? केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात १९१८पासून २४ डिसेंबरला होणाऱ्या नऊ पाठांच्या उपासनेचा साचा सर्वांत उपयोगी. एक शास्त्रपाठ, त्याला उत्तर देणारं एक गाणं, पुन्हा पाठ. नऊ पाठ झेपत नसतील तर पाच घ्या: यशयाचं भविष्य, मरियेला संदेश, बेथलेहेमचा जन्म, मेंढपाळ, मागी लोक. असा सांगाडा असला की गाणी आपोआप निवडली जातात, आणि एकाच अर्थाची तीन गाणी लागोपाठ येण्याचा प्रकार टळतो. मागी लोकांचं गाणं शक्य असेल तर ६ जानेवारीच्या जवळच्या रविवारी पुन्हा एकदा घ्या. ताऱ्याची गाणी त्या दिवसाची आहेत. मत्तयानं मागी तीन होते असं कुठेही म्हटलेलं नाही, भेटी तीन होत्या, हे मुलांना सांगायची संधीही तेव्हा मिळते.

मुलांच्या कार्यक्रमात ‘जिंगल बेल्स’ हवंच असा हट्ट असतो. जेम्स पीअरपॉन्ट यांचं हे १८५७ सालचं गाणं घोड्याच्या घसरगाडीचं आहे, त्यात नाताळचा उल्लेखही नाही. मी ते मुलांकडून काढून घेत नाही. अंगणात, खाऊ वाटताना, उड्या मारत म्हणू द्या. उपासनेत मात्र ती जागा दुसऱ्या गाण्याला द्यावी.

कॅरलच्या फेरीसाठी वेगळी यादी करा, आणि ती छोटी असू द्या. एका दारात तीन गाणी, एक छोटी प्रार्थना, दहा मिनिटांत पुढे. पहिलं गाणं सर्वांना येणारं, दुसरं घराला शोभेल असं, तिसरं चालता चालता म्हणायचं. अंधारात कागद वाचता येत नाहीत, म्हणून फेरीत पाठ असलेलंच गाणं चालतं. वाद्यं गळ्यात अडकवता येतील ती: ढोलकी, गिटार, झांजा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई असते. मी तर म्हणते फेरीत तो नेऊच नका. यंत्राचा आवाज आला की शेजारी खिडकी लावतात, माणसांचा आला की उघडतात. यंत्रावरच्या तयार संगीतपट्ट्यांनाही माझा विरोध आहे, घरात काय, चर्चमध्ये काय. ती पट्टी कुणासाठी थांबत नाही. आणि एखाद्या दारात थांबावं लागतं.

एका वर्षी आमच्या फेरीच्या वाटेवर एक घर होतं, जिथला तरुण मुलगा त्याच पावसाळ्यात गेला होता. दारावर तारा नव्हता. तरुण मंडळी म्हणाली, “ताई, हे घर सोडूया का?” आम्ही सोडलं नाही. ढोलकी आणि झांजा गेटपाशी ठेवल्या, सांताक्लॉजच्या वेशातल्या मुलाला थोडं मागे उभं केलं आणि आत जाऊन एकच गाणं हळू आवाजात घेतलं, अंधारात चालणाऱ्या लोकांना प्रकाश दिसला या यशयाच्या वचनावरचं. दुसऱ्या कडव्याला मुलाची आई आमच्याबरोबर गाऊ लागली. तिला शब्द येत होते, कारण ते गाणं ती लहानपणापासून म्हणत आली होती. आम्ही नवं, आमचं कौशल्य दाखवणारं गाणं घेऊन गेलो असतो तर तिला नुसतं ऐकावं लागलं असतं. तेव्हापासून फेरीच्या आधी मी पाळकसाहेबांबरोबर घरांची यादी वाचते: कुठे दुःख झालं आहे, कुठे कुणी अंथरुणाला खिळलं आहे, कुठे नवं बाळ आहे. त्या त्या घरापुढे गाण्याचं नाव लिहून ठेवते. दवाखान्यात आणि वृद्धाश्रमातही हाच नियम: चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी लोकांच्या तोंडी असलेली गाणी, खालच्या पट्टीत, सावकाश.

तालमींबद्दल थोडक्यात. नोव्हेंबरच्या मध्यावर सुरुवात करा, आठवड्यातून दोनदा, एका वेळी दीड तास पुरे. सात गाण्यांच्या वर जाऊ नका. चार सर्वांना येणारी, दोन अर्धवट येणारी, एक नवं. गाण्यांची पुस्तिका छापणार असाल तर अक्षर मोठं ठेवा आणि कडव्याच्या मध्ये पान उलटावं लागणार नाही असं बघा. जुनी गाणी बिनदिक्कत छापता येतात. भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. हयात कवी-संगीतकारांचं गाणं छापायचं तर त्यांना विचारा आणि त्यांचं नाव गाण्याखाली द्या. चर्चमध्ये जमून गाणं वेगळं, छापून वाटणं वेगळं.

‘ओ होली नाइट’ मी टाकून दिलेलं नाही. अडोल्फ आदाम यांनी १८४७ साली दिलेली ती चाल मला अतोनात आवडते. आमच्या वृंदात आता एक मुलगी आहे, तिचा गळा वर मोकळा लागतो. २४च्या रात्री, सगळे शांत बसलेले असताना, ती एकटी ते गाते आणि आम्ही ऐकतो. मंडळीच्या गाण्याच्या यादीत मात्र त्याचं नाव नसतं.

माझ्याकडे एक निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. ६ जानेवारी झाला की त्याच आठवड्यात मी ती भरते, आठवणी ताज्या असताना. गाण्याचं नाव, पट्टी, ठेका, किती कडवी घेतली, मंडळी कुठे अडली. मागच्या वर्षीच्या एका पानावर असं आहे: “सायलेंट नाइट. खालची पांढरी सहा. तिसऱ्या कडव्याला पेटी थांबवली. दाराजवळच्या बाकावरच्या आजी शेवटपर्यंत म्हणत होत्या.”